परदेशातले अनोळखी पदार्थ : पहिला घास कसा घ्यावा?

अनवट

परदेशातले ‘भयंकर’ पदार्थ चाखण्याचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. डबा फोडायचा, वास आला की चार पावलं मागे पळायचं, एक तुकडा तोंडात टाकून डोळे पांढरे करायचे, संपलं. या प्रकारात सगळ्यात जास्त हाल होतात ते स्वीडनच्या सुरस्ट्रोमिंगचे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मला या विषयावर जे म्हणायचंय ते त्या एका माशात पुरतं आलेलं आहे.

सुरस्ट्रोमिंग म्हणजे बाल्टिक समुद्रातला हेरिंग. वसंतात, अंडी घालण्याआधी तो पकडतात. आधी कडक मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग सौम्य खाऱ्या पाण्यात पिंपांत आंबवतात. मीठ इतकंच, की मासा सडू नये पण आंबत राहावा. डब्यात भरल्यावरही आंबणं चालूच असतं, त्यामुळे डबा फुगतो. नव्या डब्यांचा पारंपरिक मुहूर्त ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारचा. उत्तर स्वीडनमध्ये लोक अंगणात टेबल मांडतात आणि डबा मोकळ्या हवेत उघडतात. मग मासा साफ करायचा, काटा काढायचा, तुन्नब्रोड नावाच्या पातळ पावाला लोणी लावायचं, त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, चिरलेला कांदा आणि माशाचे थोडेसे तुकडे. गुंडाळी करून खायची. एवढ्या प्रमाणात तो मासा खारट, आंबूस आणि धारदार लागतो. बटाटा आणि लोणी ती धार सांभाळून घेतात. व्हिडिओवाले अख्खा मासा डब्यातून थेट तोंडात घालतात. ज्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, तेसुद्धा असा खात नाहीत.

पदार्थ म्हणजे ताटातला नुसता तुकडा नव्हे. किती खायचा, कशाबरोबर, कोणत्या दिवसांत आणि कोणाशेजारी बसून, हे सगळं मिळून तो पदार्थ होतो. हे सगळं सोडून घेतलेल्या घासावरून दिलेलं मत मी तरी धरत नाही.

दुसरं उदाहरण आइसलंडचं. तिथला हाउकार्ल, म्हणजे आंबवून वाळवलेला ग्रीनलंड शार्क. हा शार्क ताजा खाल्ला तर विषारी. त्याच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड भरपूर असतं. पूर्वी तो वाळू-खडीत पुरून वर दगड रचत. सहा ते बारा आठवड्यांत आतला द्रव निथळून जाई. मग पट्ट्या कापून चार-पाच महिने उघड्या शेडमध्ये टांगत. हल्ली पुरण्याऐवजी पेट्या वापरतात, टांगणं मात्र तसंच. स्नेफेल्सनेस द्वीपकल्पावर ब्यार्नरहोफ्न इथे एक छोटं शार्क संग्रहालय आहे, तिथे मागच्या शेडमध्ये या पट्ट्या बघायला मिळतात. बाहेरून तपकिरी, टणक साल. सुरीने ती काढली की आत फिकट, किंचित पारदर्शक मांस. मला काडीला टोचून नखाएवढा चौकोन मिळाला, सोबत गडद राय ब्रेडचा तुकडा. पहिले दोन-तीन चावे काहीच विशेष नाही. मग अमोनिया घशाच्या मागून नाकात चढतो आणि डोळ्यांत पाणी येतं. तो उतरला की जुन्या चीजसारखी एक खोल चव बराच वेळ जिभेवर राहते. त्या चवीसाठी लोक हे खातात. नाकात चढल्याबरोबर जो थुंकतो त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

तुमचे अनुभव लिहा. काय खाल्लं याबरोबर कसं खाल्लं तेही सांगा.

चाफेकळी

धागा आवडला. तिसऱ्या मुद्द्यासाठी, म्हणजे ‘कोणत्या दिवसांत’, मी ड्युरियनचं नाव घेईन. सिंगापूरच्या मेट्रोत हे फळ न्यायला मनाई आहे, बऱ्याच हॉटेलांतही आहे. त्यामुळे लोक वासाची धास्ती घेऊनच येतात आणि मग सुपरमार्केटमधल्या फ्रीजमधला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गर खाऊन ‘ह्यॅ’ म्हणतात.

मलेशियात फळ झाडावरून आपोआप पडेपर्यंत थांबतात. पूर्ण पिकलेलं, मऊ, कडसर गोड; मुसांग किंग जातीच्या गराला तर दाट पिवळा रंग असतो. थायलंडमध्ये फळ झाडावरून कापून उतरवतात आणि मोनथोंगसारखी जात जरा घट्ट असतानाच खातात. तिचा वास कितीतरी सौम्य. पहिल्यांदा खाणाऱ्याने थायलंडच्या घट्ट गरापासून सुरुवात करावी, असं मी अगदी आग्रहाने सांगते. आणि रस्त्याकडेच्या विक्रेत्यासमोर, फळ फोडल्या फोडल्या खा. फोडलेल्या गराचा वास तासातासाने चढत जातो.

नाकाने हुंगलेला वास आणि तोंडात घास असताना घशाच्या मागून नाकात जाणारा वास, हे दोन मेंदूला वेगवेगळे जाणवतात. ड्युरियनमध्ये हा फरक स्पष्ट कळतो. समोर धरलं की सडका कांदा, तोंडात गेलं की साय आणि बदाम.

उनाड

मी शाकाहारी. अशा चर्चांमध्ये आमच्यासाठी काहीच नसतं असं गृहीत धरलं जातं, ते मला पटत नाही. खूप आहे, चौकशी मात्र चिकाटीने करावी लागते.

मेक्सिकोत पावसाळ्यात मक्याच्या कणसावर एक बुरशी येते, उइतलाकोचे. दाणे फुगून करडे-काळे होतात. कोवळी असताना ती परतून केसादियात, म्हणजे घडी घातलेल्या पोळीत, भरतात. दिसायला अजिबात बरी नाही. चव मातकट, मशरूमच्या जवळची आणि मागे मक्याचा गोडवा. मला इतकी आवडली की बाजारात बाईंच्या शेगडीपाशी उभी राहून परत मागितली. त्याच मेक्सिकोत साध्या घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा ‘यात मांस आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, चरबीचं वेगळं विचारायचं.

नॉर्वेचं ब्रुनोस्ट, म्हणजे तपकिरी चीज. चीज करून उरलेलं पाणी साय किंवा दूध घालून आटवतात, दुधातली साखर करपायच्या बेताला येते आणि टॉफीसारखी चव लागते. खास किसणीने पातळ पापुद्रा काढून गरम वाफलवर घालतात. जाड तुकडा तोडून खाल्ला तर दातांना चिकटून बसतो आणि मजा जाते. रेनेट (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला अर्क) न चालणाऱ्यांनी आधी विचारावं.

फिनलंडचं साल्मियाक्की, म्हणजे ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी, त्यात अमोनियम क्लोराइड. काही प्रकारांत जिलेटिन असतं, पाकीट वाचा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ज्येष्ठमध जपूनच.

आणि इथिओपिया! ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी नाहीत. ‘बेयानेतु’ मागितलं की टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या इंजेरावर, म्हणजे घावनासारख्या पोळीवर, डाळी आणि भाज्यांचे दहा-बारा ढीग येतात. शाकाहाऱ्याला त्या दोन वारी तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. सोबत बसलेलं माणूस स्वतःच्या हाताने घास भरवू लागलं तर दचकू नका. त्याला गुर्शा म्हणतात, तो मान असतो.

अनवट

@उनाड, अप्रतिम प्रतिसाद. बुधवार-शुक्रवारची माहिती फार कामाची.

जपानचा नात्तो राहिला का? आंबवलेले सोयाबीन, तारा सुटणारे. जोराने ढवळून फेस येऊ द्यायचा, मोहरी आणि कांद्याची पात घालून गरम भातावर. गार नात्तो डब्यातून नुसता खाल्ला की बुळबुळीतपणा तेवढा लक्षात राहतो.

उनाड

हो, पण पाकिटातला छोटा सॉस बहुतेक वेळा माशाच्या अर्काचा असतो. तो बाजूला ठेवून साधा सोया सॉस घ्यायचा. तैवानच्या ‘वासाच्या’ टोफूचंही तसंच. टोफू शाकाहारी, पण ज्या खाऱ्या पाण्यात तो मुरवतात त्यात सुकी कोळंबी किंवा मांस असू शकतं. शाकाहारी दुकानातच खावा. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘चे’ लिहिलेली दुकानं शोधा. तिथे फिश सॉससुद्धा नसतो.

कडुनिंब

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. वातावरण छान आहे, ते बिघडवायचं नाही, पण काही गोष्टी या धाग्यावर असायलाच हव्यात.

नात्तोमध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) घेणाऱ्यांनी तो अजिबात खाऊ नये, औषधाचा परिणाम कमी होतो.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर किडे खाऊ नका. मेक्सिकोचे नाकतोडे असोत, थायलंडचे रातकिडे असोत. दोन्हीकडची प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत की शरीर तशीच प्रतिक्रिया देऊ शकतं. हे फारच थोड्या प्रवाशांना माहीत असतं.

कच्चा मासा. ‘लिंबात मुरवला म्हणजे शिजला’ हा समज धोक्याचा आहे. आंबटपणाने मांस पांढरं आणि घट्ट होतं, परजीवी मरतात असं नाही. समुद्री मासा कच्चा द्यायचा तर अमेरिकेच्या नियमांनुसार तो उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांना गोठवून १५ तास ठेवतात, ते यासाठीच. गोड्या पाण्यातला कच्चा मासा मात्र कुठेच खाऊ नका. ईशान्य थायलंडमध्ये ‘कोइ प्ला’ नावाचा नदीतल्या कच्च्या माशाचा पदार्थ आहे. त्यातून यकृतात जाणारा चपटा कृमी वर्षानुवर्षं राहतो आणि पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्या कृमीला कर्करोगकारक मानते. तिथले डॉक्टर स्वतःच्याच लोकांना तो सोडा म्हणून विनवत असतात. ‘स्थानिक खातात’ हा मुद्दा इथे चालत नाही, अनवट.

अनवट

@कडुनिंब, पूर्ण मान्य. स्थानिक रीत बघा म्हणतो तेव्हा त्यात त्यांच्या डॉक्टरांचं ऐकणंही आलं.

दर्यावर्दी

हाउकार्लच्या वर्णनावरून कोरियाचा होंगओ आठवला. आंबवलेला स्केट मासा, नैऋत्येच्या जोला भागातला, मोकपो शहरात सगळीकडे मिळतो. दोन्ही पदार्थांचं रसायन एकच आहे. शार्क आणि स्केट हे कूर्चेच्या सांगाड्याचे मासे, ते अंगात युरिया साठवतात. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियामुळे मासा नासवणाऱ्या इतर जिवाणूंचं फावत नाही. फ्रीज नसलेल्या काळात दूरच्या बेटावरून नावेने आणताना बाकीचे मासे नासत, हा टिके. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ता नसताना, माणसांना हा एकच मार्ग सापडला याचं मला मनापासून नवल वाटतं.

खायची रीत: स्केटचा तुकडा, उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणि जुनी, आंबट किमची, तिन्ही एका घासात. याला सामहाप म्हणतात, वर माक्कॉल्ली ही तांदळाची गढूळ दारू. मोकपोला मी ज्या खानावळीत बसलो तिथल्या आजींनी माझ्या हातातली स्केटची नुसती काप काढून घेतली आणि स्वतः तीन थरांचा घास करून दिला. डुकराची चरबी अमोनियाची झोंब अडवते, किमची वरून आंबट लावते. नुसती काप खाल्ली असती तर माझं मत काय झालं असतं कोण जाणे.

फिलिपिन्सच्या बालुतबद्दलही लिहितो, कारण त्याच्यावर फार अन्याय झालाय. चौदा ते अठरा दिवस उबवलेलं बदकाचं अंडं, उकडलेलं. संध्याकाळ झाली की विक्रेते टोपलीत उबदार ठेवून हाळी देत फिरतात. रुंद टोकाला कवच टिचकी मारून छोटं भोक पाडायचं, चिमूट मीठ किंवा मिरचीचा व्हिनेगर टाकायचा आणि आतला रस आधी पिऊन घ्यायचा. हा रस म्हणजे खरी चैन, उत्तम कोंबडीच्या सूपची चव. मग कवच सोलून पिवळं बलक आणि पिल्लू. तळाशी पांढऱ्याचा टणक गोळा असतो, तो बरेच जण टाकून देतात. पहिल्यांदा असेल तर कमी दिवसांचं अंडं मागा, पिल्लू लहान असतं. बराचसा भाग अंधारातच खाल्ला जातो, त्याचीही मदत होते.

सावली

वाचताना पोटात ढवळलं, खरं सांगते. बालुत माझ्याच्याने होणार नाही. पेरूला कुस्कोमध्ये गिनी पिग भाजून पुढे आला तेव्हाही मी नाही म्हटलं. लहानपणी आमच्या घरी पाळलेला होता. माझ्या प्रवासात त्यामुळे काही उणं राहिलं असं मला वाटत नाही. चाखलं नाही म्हणजे संस्कृती समजली नाही, हा सूर या विषयावर नेहमी येतो, तो मला टोचतो.

अनवट

@सावली, तुमचं नाही म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पाळलेल्या प्राण्याची आठवण हे पुरेसं कारण आहे, कोणालाही दुसरं कारण द्यायची गरज नाही.

पण कुस्कोत होतात तर कॅथेड्रलमधलं अठराव्या शतकातलं ‘शेवटचं भोजन’ पाहिलंत का? मार्कोस सापाता या चित्रकाराने येशूच्या समोरच्या ताटात गिनी पिग काढलाय असं मानतात. अँडीजमधल्या लोकांनी सणाच्या जेवणाची जी सर्वांत मानाची गोष्ट माहीत होती ती त्या टेबलावर ठेवली. चाखल्याशिवायही पदार्थाचा आदर करता येतो, तो असा. मला खटकतं ते नाक मुरडून ‘ई’ करणं, ज्याने पहाटेपासून चुलीशी बसून तो भाजला त्याच्या देखत.

सावली

पाहिलं, आणि बराच वेळ उभी राहिले होते. त्या मुद्द्यावर सहमत. मी यजमानांना आधीच सांगून टाकते, ताट समोर यायची वाट बघत नाही. आधी सांगितलं तर कोणी दुखावत नाही.

माळरान

नकार देण्यावरून: मंगोलियात गेर तंबूत पाहुणा आला की आइराग पुढे येतं. घोडीचं आंबवलेलं दूध, आंबट, किंचित फेसाळ, त्यात अल्कोहोलही थोडं असतं. उन्हाळ्याचं पेय, जुलैच्या नादाम उत्सवात तर ठायी ठायी. चामड्याच्या पिशवीत घालून ते दिवसभर घुसळत राहतात. दारातून आत येणारा प्रत्येक जण जाता जाता चार वेळा रवी फिरवून जातो. वाडगा उजव्या हाताने घ्यायचा, डावा हात उजव्या कोपराला लावायचा. प्यायचं नसेल तर ओठाला लावून परत द्यायचा, चालतं. हातच न लावणं मात्र वाईट दिसतं. सवय नसलेल्या पोटाला पहिल्या दिवशी दोन घोट पुरे, नाहीतर रात्र बाहेरच काढावी लागते.

रानवाट

एक ठाम मत मांडतो. वन्यप्राण्याचं मांस ‘एकदाच तर’ म्हणून चाखू नका. खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या साइटीस (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत बंदी आली, तरी काही ठिकाणी पर्यटकाला गुपचूप विचारणा होते. कासवाची अंडी, शार्कचे पर, तेच. फ्रान्समध्ये ऑर्तोलान हा इवलासा पक्षी खाण्याची जुनी परंपरा होती, १९९९ पासून त्याची शिकार बंद आहे. परंपरा जुनी आहे म्हणून जपायचीच असं नाही, हे त्या देशानेच ठरवलं. आणि इंडोनेशियाची लुवाक कॉफी: रानातल्या उदमांजराच्या विष्ठेतून बिया वेचायचे ते दिवस वेगळे. पर्यटकांसाठी बनते त्यातली पुष्कळशी पिंजऱ्यात कोंडलेल्या, सक्तीने कॉफीची फळं खाऊ घातलेल्या जनावरांची असते. पिंजरे पाहिल्यावर माझ्या घशाखाली ती उतरणं शक्य नव्हतं.

कडुनिंब

@रानवाट +१. आरोग्याच्या दृष्टीनेही तेच सांगेन.

विषारी पदार्थांबद्दल विचारणा येईल म्हणून आधीच: जपानचा फुगू हा विषारी मासा परवानाधारक आचाऱ्याकडेच खा. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. यकृत द्यायला हॉटेलांना बंदी आहे. कोणी खास मर्जी म्हणून देऊ केलं तर उठून या. जमैकाचं ॲकी हे फळ झाडावरच आपोआप उमललेलं हवं, कच्च्यात हायपोग्लायसिन हे विष असतं, त्याने रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. हॉटेलात नाश्त्याला खाऱ्या माशाबरोबर मिळतं ते बिनधास्त खा, झाडाचं तोडून खाऊ नका. सार्डिनियाचं अळ्यांचं चीज, कासू मार्झू, विकायला कायद्याने मनाई आहे. जिवंत अळ्या आतड्यात त्रास देऊ शकतात.

चाफेकळी

आम्ही सोलला जातोय, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याला सगळं चाखायचंय. वळवळणारा ऑक्टोपस आणि रेशमाचे किडे, दोन्ही त्याने आत्ताच यादीत लिहून ठेवलेत. काय करू?

दर्यावर्दी

ऑक्टोपस मुलाला देऊ नका. साननाकजीमध्ये तुकडे केल्यावरही शोषकं घशाला चिकटतात, गुदमरून माणसं दगावलेली आहेत. मोठ्यांनी खायचा तर तिळाच्या तेलात नीट बुडवून, अगदी लहान तुकडा, हालचाल थांबेपर्यंत चावून, आणि दारू चढल्यावर नाही.

बॉन्देगी, म्हणजे रेशमाच्या किड्याचे कोश, त्याला जरूर द्या, कोळंबीची ॲलर्जी नाही ना एवढं पाहून. रेशीम काढून झाल्यावर उरतात तेच हे. रस्त्यावर मोठ्या पातेल्यात उकळत असतात, कागदी पेल्यात काडी टोचून देतात. वास ओल्या लाकडाचा, दाताखाली आधी कवच फुटतं आणि मग खारट रस येतो. गरम असतानाच खायला सांगा, गार झाले की तुरट लागतात. एक पेला दोघांत घ्या.

चाफेकळी

ॲलर्जी नाही. एक पेला दोघांत, ठरलं. पहिला कोश मी खाईन, तो बघतोय म्हटल्यावर तोंड वाकडं करता येणार नाही. परत आल्यावर इथेच लिहिते.